मधुराविजयाची कवयित्री गंगादेवी

बी. ए. च्या वर्गात संस्कृत महाकाव्यांची नावे विचारली, की रघुवंश, कुमारसंभव, किरातार्जुनीय, शिशुपालवध आणि नैषधचरित ही पाच नावे विद्यार्थी न अडखळता सांगतात. या पाचांत स्त्रीने रचलेले एकही नाही, याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते पुढची गोष्ट ऐकल्यावर. स्त्रीने रचलेले एक महाकाव्य आहे, ते युद्धावरचे आहे, आणि ती कवयित्री आपल्याच कर्नाटकातली, विजयनगरच्या बुक्करायाची सून होती. हुबळीहून सकाळी गदग-कोप्पळमार्गे निघालो तर दुपारच्या आत आपण तिच्या सासरच्या गावी, म्हणजे हंपीला, पोहोचतो. महाविद्यालयाच्या सहली तिकडे नेहमी जातात. विरूपाक्षाचे दर्शन होते, दगडी रथाजवळ छायाचित्रे काढली जातात. गंगादेवीचे नाव मात्र त्या वाटेवर कोणी घेत नाही.

तिच्या काव्याचे नाव 'मधुराविजयम्'. 'वीरकंपरायचरितम्' असे त्याचे दुसरेही नाव आहे. मधुरा म्हणजे तमिळनाडूतील मदुरा, उत्तरेकडील मथुरा नव्हे. तिचा पती कुमार कंपण याने मदुरेच्या सुलतानावर केलेली स्वारी हा काव्याचा विषय आहे. म्हणजे ही स्त्री युद्धकाळात जगली, तिच्या घरातला माणूस युद्धावर गेला, आणि त्या युद्धावर तिने लिहिले. अशी कवयित्री जगाच्या वाङ्मयात विरळाच. आधुनिक काळात रशियाची आना आख्मातोवा आपल्याला ठाऊक असते. लेनिनग्राडच्या वेढ्याच्या काळात १९४२ साली तिची कविता 'प्रावदा'त छापली गेली. पण आख्मातोवा राजसत्तेच्या बाहेर उभी होती, किंबहुना त्या सत्तेने तिच्या मुलाला तुरुंगात टाकले होते. गंगादेवी सत्तेच्या आतली. विजेत्याची पत्नी. तिचे काव्य वाचण्यातली अडचण आणि गोडी दोन्ही येथूनच सुरू होतात.

माझी एक तक्रार आहे, ती आरंभीच नोंदवतो. या काव्याच्या आठव्या सर्गातले पाचसहा श्लोक अलीकडे लेखांतून आणि व्याख्यानांतून पुष्कळ वेळा ऐकू येतात. एक पक्ष ते न्यायालयातल्या साक्षीसारखे पुढे करतो. दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळे कविसंकेत, यात इतिहास शोधू नका. दोन्ही पक्षांना उरलेले आठ सर्ग वाचण्याची निकड वाटत नाही. गंगादेवीच्या वाट्याला आलेला हा अन्याय मला तिच्या पोथीच्या पाचशे वर्षांच्या अज्ञातवासाहून मोठा वाटतो. या लेखात तिला प्रथम कवयित्री म्हणून वाचावे, आणि मग ती किती खरे सांगते ते पाहावे, असा विचार आहे.

आधी थोडा काळ समजून घेऊ. चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध दक्षिणेला फार जड गेला. देवगिरीवरची १२९६ ची स्वारी आणि १३१८ मध्ये हरपालदेवाचा झालेला अंत मराठी वाचकाला परिचित आहे. पुढे १३२३ मध्ये वारंगळ पडले. त्याच सुमारास श्रीरंगमच्या देवळावर घाला आला आणि रंगनाथाची उत्सवमूर्ती घेऊन पुजाऱ्यांना रानोमाळ हिंडावे लागले. दिल्लीच्या वतीने मदुरेत असलेल्या जलालुद्दीन एहसान खानाने १३३५ मध्ये दिल्लीचे जू झुगारले आणि स्वतःच सुलतान झाला. द्वारसमुद्राचा होयसळ राजा तिसरा वीर बल्लाळ म्हातारपणी या मदुरेशी लढत राहिला आणि १३४२ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. होयसळांची सत्ता मावळली, आणि तुंगभद्रेच्या काठी १३३६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या संगम घराण्याकडे त्या सत्तेचा वारसा आला. हरिहर आणि बुक्क हे त्या घराण्याचे पहिले दोन राजे. बुक्करायाचा मुलगा कंपण हा आजच्या कोलार जिल्ह्यातील मुळबागिलु येथून राज्याचा दक्षिण भाग सांभाळत असे. गंगादेवी त्याची राणी.

तिच्या जन्माचे साल, आईबापांची नावे, बालपण यांची कोठेच नोंद नाही. संस्कृत कवींच्या बाबतीत आपल्याला याची सवयच आहे, कालिदासाचे तरी काय ठाऊक आहे? तिचे शिक्षण मात्र तिच्या पहिल्या सर्गातून स्वच्छ दिसते. तेथे ती क्रियाशक्ती या शैव गुरूंना वंदन करते आणि मग पूर्वसूरींची नावे घेते : वाल्मीकी, व्यास, कालिदास, बाण, भारवी, दंडी, भवभूती, कृष्णकर्णामृताचा कर्ता. येथपर्यंत यादी अपेक्षित आहे. पुढे तिक्कय्य, म्हणजे तेलुगू महाभारताचा कवी तिक्कन्न, येतो. त्यानंतर अगस्त्य, गंगाधर आणि विश्वनाथ हे तेलुगू मुलखाशी संबंधित संस्कृत कवी येतात. त्यावरून ती मूळची आंध्राकडची, वारंगळच्या पाडावानंतर दक्षिणेकडे आलेल्या एखाद्या कुळातली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क आहे, आणि बरा तर्क आहे. संस्कृत काव्याच्या आरंभी एका देशी भाषेच्या कवीला मान द्यावा, हे मात्र तर्काचे काम नाही, ते ग्रंथातच आहे. कानडी आणि मराठी असे दोन विभाग एकाच बांधणीत काढणाऱ्या आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना ही गोष्ट आवडावी.

यादीत एकही स्त्री नाही. विज्जिकेचे श्लोक सुभाषितसंग्रहांतून प्रसिद्ध होते, आणि ती बदामीच्या चालुक्यांच्या घरातली असावी असे मानणारे विद्वान आहेत. गंगादेवी तिचे नाव घेत नाही. आपण स्त्री असून काव्य करतो याबद्दल सबबही सांगत नाही आणि मिरवतही नाही. मला तिचा हा स्वभाव फार आवडतो.

आता पोथीविषयी. मधुराविजय शतकानुशतके कोणाच्या वाचनात नव्हते. १९१६ साली त्रिवेंद्रम येथे पंडित एन. रामस्वामी शास्त्री यांना एका खासगी ग्रंथसंग्रहात ताडपत्राची पोथी सापडली. त्या पोथीत या काव्याच्या मागेपुढे दोन अगदी वेगळे ग्रंथ होते आणि हे मधे दडलेले होते. जी. हरिहर शास्त्री आणि व्ही. श्रीनिवास शास्त्री यांनी १९२४ मध्ये त्रिवेंद्रमहून ते छापले. पुढे १९५७ मध्ये अण्णामलै विद्यापीठाने एस. तिरुवेंकटाचारी यांची आवृत्ती इंग्रजी भाषांतरासह आणि ऐतिहासिक प्रस्तावनेसह काढली. आज नऊ सर्ग उपलब्ध आहेत, तेही मधूनमधून तुटलेले. शेवटच्या दोन सर्गांत ही गळती विशेष जाणवते. ताडपत्राला कीड लागते तेव्हा ती श्लोकाचे महत्त्व पाहत नाही.

काव्याची रचना शास्त्रोक्त आहे. पहिल्या सर्गात विजयनगर आणि बुक्कराय, दुसऱ्यात कंपणाचा जन्म, तिसऱ्यात त्याचे शिक्षण आणि पित्याचा उपदेश. पाचव्यात ऋतू, सहाव्यात उपवनविहार आणि जलक्रीडा, सातव्यात संध्याकाळ, रात्र आणि चंद्रोदय. महाकाव्यात हे सारे असावे असा दंडीचा दंडक आहे, आणि गंगादेवीने तो पाळला आहे. शैली वैदर्भी, म्हणजे आपल्या विदर्भाच्या नावाची : समास लहान, अर्थ चटकन उमगणारा. शिशुपालवधाशी झटापट केलेल्या विद्यार्थ्याला मधुराविजय वाचताना हायसे वाटेल.

चौथ्या सर्गावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो सहसा वगळला जातो. या सर्गात कंपण पहिले युद्ध करतो ते मदुरेच्या सुलतानाशी नव्हे, तर तोंडैमंडलाच्या शंबुवरायाशी, काव्यातल्या चंपरायाशी. कांचीच्या आसपासचा हा मुलूख, राजा हिंदू, देवळांना दाने देणारा. विजयनगरचे सैन्य विरिंचिपुरापाशी तळ देते, राजगंभीर नावाच्या डोंगरी किल्ल्याला वेढा पडतो आणि चंपराय कंपणाच्या हातून द्वंद्वात मारला जातो. येथे धर्माचा प्रश्न नाही. मदुरेकडे जाणारा रस्ता कांचीवरून जातो आणि मधले राज्य घेतल्यावाचून पुढे सरकता येत नाही, असा हा साधा हिशेब आहे. बुक्कराय तिसऱ्या सर्गात मुलाला हाच क्रम समजावतो : आधी तोंडैमंडल, मग मदुरा. विजयनगरच्या विस्ताराचा नकाशा त्या उपदेशात आहे, आणि सुनेने तो काही न लपवता काव्यात घातला आहे. या राजांच्या शिलालेखांत 'हिंदूरायसुरत्राण' अशी पदवी येते. सुरत्राण म्हणजे सुलतान. ज्याच्याशी लढायचे त्याचाच किताब आपल्या नावापुढे लावण्यात त्यांना संकोच वाटत नव्हता. गंगादेवीही शत्रूला तुरुष्क किंवा यवन म्हणते. ही नावे वंशाची आणि देशाची आहेत.

आता तो आठवा सर्ग. कंपण कांचीकडे राज्य करीत आहे, दिवस सुखाचे आहेत. अशा वेळी एक स्त्री त्याच्यापुढे येते. पोथी येथे खंडित आहे. तिला मदुरेची अधिदेवता मानण्याचा प्रघात आहे. ती राजाला दक्षिण देशाची स्थिती सांगते : चिदंबरम ओस पडले, श्रीरंगात पडक्या विटांपासून देवाला वाचवायला शेषाची फणा तेवढी उरली, देवळांची दारे वाळवीने खाल्ली, गाभाऱ्यावरच्या छताची जागा कोळ्यांच्या जाळ्यांनी घेतली, मृदंग घुमत तेथे कोल्हे ओरडतात. शेवटी ती एक दिव्य खड्ग त्याच्या हाती देते. पांड्य राजांकडे असलेले हे शस्त्र, तो वंश दुबळा झाल्यावर, अगस्त्याने कंपणासाठी पाठवलेले आहे.

रघुवंशाचा सोळावा सर्ग ज्यांनी वाचला आहे त्यांच्या येथे लगेच लक्षात येईल. रामाच्या निर्याणानंतर कुश कुशावतीला राज्य करतो. मध्यरात्री, दार बंद असता, एक अनोळखी स्त्री त्याच्या शयनगृहात उभी राहते. ती अयोध्येची नगरदेवता. उजाड अयोध्येचे वर्णन करून ती त्याला परत बोलावते. पूर्वी असे होते, आता असे आहे, या जोडीवर तो सगळा भाग उभा आहे. गंगादेवीने हा साचा तेथूनच घेतला. यात चोरी नाही. आपण सारे कवी कालिदासाचे दास, असे ती पहिल्याच सर्गात सांगून बसली आहे. वर्गात जाणकार श्रोते असावेत आणि त्यांनी मूळ ओळखावे, अशीच तिची अपेक्षा असणार.

पण मग हे सगळे संकेतच का? मी दोन्ही सर्ग समोरासमोर ठेवून पाहिले. एकच जागा सांगतो. कालिदासाच्या अयोध्येत ज्या राजमार्गावर रात्री अभिसारिकांचे पैंजण वाजत, त्यावरून आता कोल्ह्या फिरतात. गंगादेवीच्या मदुरेतही राजमार्ग आहे, त्यावर एके काळी स्त्रियांचे पैंजण वाजत. पण तेथे आता ऐकू येतो तो साखळदंडाने बांधून फरफटत नेल्या जाणाऱ्या ब्राह्मणांच्या बेड्यांचा आवाज. साचा तोच, पैंजणही तेच, ध्वनीला ध्वनीने दिलेले उत्तरही तसेच. बदलले आहे ते नेमके एक. अयोध्या माणसांवाचून ओस पडली, म्हणून तिथे जनावरे आली. कोल्हे, रानरेडे, वाघ, माकडे, साप यांनी कालिदासाचे वर्णन भरले आहे. मदुरा ओस नाही. तिथे माणसे आहेत आणि माणसेच माणसांना छळताहेत. कालिदासाच्या वर्णनात करुणा आहे, भय नाही. गंगादेवीने त्याच्याकडून पात्र घेतले आणि त्यात आपल्या काळचे विष ओतले. बागेतली नारळीची झाडे तोडून तेथे नरमुंडे अडकवलेले लोखंडी शूळ उभे केल्याचे ती सांगते, ते तिने कालिदासाकडून घेतलेले नाही.

तर हे शूळ खरे होते काय? येथे एक असा साक्षीदार मिळतो ज्याला विजयनगरशी काही देणेघेणे नव्हते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास मदुरेच्या राज्यात येऊन राहिला. तो स्वतः मुसलमान, आणि मदुरेचा पहिला सुलतान एहसान शाह याचा जावई. म्हणजे घरचाच माणूस. त्या वेळचा सुलतान गियासुद्दीन दामगानी याने रानात पकडलेल्या लोकांच्याच खांद्यावरून अणकुचीदार खांब वाहून आणवले आणि मग त्यावर त्यांना, त्यांच्या बायकांना आणि मुलांना मारले, असे तो लिहितो. असे कृत्य आपण दुसऱ्या कोणा राजाकडून पाहिले नाही, अशी नापसंतीही तो नोंदवतो. वीर बल्लाळाचे पुढे काय झाले तेही त्यानेच लिहून ठेवले : म्हाताऱ्या राजाकडून धन आणि हत्ती उकळले, मग त्याला मारून कातडे सोलले, त्यात भुसा भरला आणि ते मदुरेच्या तटावर टांगले. आपण ते टांगलेले पाहिले, असे तो म्हणतो. याच बल्लाळाचा उल्लेख गंगादेवी नवव्या सर्गात करते, पण केवढा? सुलतान हा बल्लाळाच्या वैभवाच्या वेलीवर पडलेली कुऱ्हाड होता, एवढे एक रूपक. जिथे खरी भीषण हकीकत हाताशी होती तिथे ती एका रूपकात आटोपते, आणि जिथे नगराचे वर्णन करायचे तिथे सर्ग खर्च करते. अतिशयोक्तीचा आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कवयित्री म्हणून तिला सत्यापेक्षा कमीच सांगावेसे वाटले, अशीही एक जागा तिच्या काव्यात आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर जे ती सांगते ते सगळे तसेच घडले असे म्हणता येत नाही. नवव्या सर्गात कंपण सुलतानाशी द्वंद्वयुद्ध करतो आणि त्याचे मस्तक उडवतो. चौथ्या सर्गात चंपरायाचेही असेच झाले होते. नायकाने प्रतिनायकाला स्वहस्ते मारावे हा महाकाव्याचा नियम आहे, रणांगणाचा नव्हे. स्वारीचा निर्णायक भाग साधारणपणे १३७०-७१ च्या सुमारास धरतात. पण मदुरेच्या अल्लाउद्दीन सिकंदर शाहाची हिजरी ७७९ ची, म्हणजे इसवी सन १३७७-७८ ची नाणी मिळाली आहेत. काव्यात जी सलतनत एका खड्गाच्या वाराने संपते, ती नाण्यांत आणखी काही वर्षे, बहुधा थोड्याशा मुलखात, तग धरून राहिलेली दिसते. खोटे कोणीच बोलत नाही. विजय ही राण्यांना आणि कवींना एका दिवसाची घटना असते, टांकसाळीचे वेळापत्रक निराळे असते.

जेथे शिलालेख आणि काव्य जुळतात असेही ठिकाण आहे, ते श्रीरंगम. शके १२९३ म्हणजे १३७१-७२ च्या तेथील लेखात कंपणाचा अधिकारी गोपणार्य याने रंगनाथाला तिरुपतीच्या डोंगरावरून जिंजीमार्गे परत आणून पुन्हा स्थापन केल्याचे नोंदले आहे. सुमारे अर्धशतक देव घराबाहेर होता. पडक्या विटांखालचे जे श्रीरंग गंगादेवीने आठव्या सर्गात दाखवले, त्याचा पुढचा अध्याय हा दगडावर आहे. तिच्या काव्यात तो असलाच तर हरवलेल्या पानांत गेला.

आणि या सगळ्यात ती स्वतः कुठे आहे? युद्धाच्या सर्गांत नाही. सातव्या सर्गात आहे. संध्याकाळ होऊन चंद्र वर येतो, तेव्हा कंपण शेजारी बसलेल्या गंगादेवीला म्हणतो की या वेळेचे वर्णन तू कर, आणि पुढचे श्लोक ती बोलते. स्वतःच्या महाकाव्यात पात्र म्हणून प्रवेश करण्याची ही युक्ती मला मोठी धीट वाटते. वाल्मीकी रामायणात येतो, व्यास महाभारतात येतो, ते ऋषी म्हणून. ही येते ती पत्नी म्हणून, आणि आल्याबरोबर कवितेचे काम करते. नवरा तिला कवयित्री म्हणून ओळखतो, मान देतो, एवढे तेथे कळते. चांदण्याची ही रात्र संपते आणि पुढच्याच सर्गात ती अनोळखी स्त्री मदुरेची हकीकत घेऊन येते. चंद्राचे वर्णन करणारी एक स्त्री आणि शूळांचे वर्णन करणारी दुसरी, दोघी लागोपाठच्या सर्गांत त्याच एका माणसाशी बोलतात. पहिली गंगादेवी आहे हे काव्यच सांगते. दुसरीच्या तोंडचे शब्दही अर्थातच तिचेच.

याच शतकात पंढरपुरास नामदेवाच्या घरी जनाबाई दळणकांडण करता करता अभंग रचत होती. परंपरा तिचे निर्याण १३५० चे मानते. एकीला जाते, एकीला राजवाडा. जनाबाईचे अभंग तोंडोतोंडी टिकले, त्यांना पोथीची गरज पडली नाही. गंगादेवीचे संस्कृत एका पोथीच्या आधाराने कसेबसे तगले. विजयनगरात पुढे सोळाव्या शतकात अच्युतदेवरायाच्या काळी तिरुमलांबा ही आणखी एक विदुषी झाली. तिचे 'वरदांबिकापरिणय' हे चंपूकाव्य आहे. त्यातले लांबच लांब समास पाहिले म्हणजे गंगादेवीची साधी वाणी अधिकच उठून दिसते.

कंपण १३७४ मध्ये वारला. बुक्कराय तेव्हा जिवंत होता, तो १३७७ पर्यंत जगला. त्याच्यामागून गादीवर आला तो दुसरा हरिहर. मदुरा जिंकणारा कंपण राजा झालाच नाही, आणि गंगादेवी पट्टराणी झाली नाही. उपलब्ध काव्यात याची चाहूलही नाही. आपल्या ग्रंथालयात काव्य हाती आले तर विद्यार्थ्यांनी पहिला सर्ग सोडून सातव्यापासून आरंभ करावा आणि आठवा वाचताना रघुवंशाचा सोळावा सर्ग शेजारी उघडा ठेवावा.